आधी बघ, नाव मग

"नाव नको सांगूस. दिसतंय काय ते सांग."

मुलगा भिंगावरून डोळा काढून मॅडमकडे बघतो. उत्तर त्याच्या ओठांवर आहे. शेजारच्या दोघांनी ते त्याला कुजबुजून पुरवलंही आहे. आणि नेमकं तेच नको म्हटल्यावर आता बोलायचं काय, हे बिचाऱ्याला कळत नाही.

"थायरॉइड आहे, मॅडम."

"असेल. मला पटव."

दुपारचे सव्वादोन वाजलेत. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची एक बॅच हिस्टॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला बसली आहे. लांबलचक ओटे, प्रत्येकापुढे मायक्रोस्कोप, शेजारी जर्नल आणि एका टोकाला गुलाबी, दुसऱ्या टोकाला जांभळी अशी पेन्सिल. या मुलांच्या दृष्टीने माणसाचं शरीर सध्या या दोनच रंगांत आहे. मेसचं जेवण नुकतंच झालंय, डोळे जड आहेत. खिडकीबाहेरच्या रस्त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेत आणि त्यांच्यावर लावलेली गाणी थेट लॅबमध्ये येताहेत. मॅडम खिडकी लावून घेत नाहीत. त्यांच्या ते कानांवरही पडत नसावं.

कॉलेजचं नाव इथे देत नाही. नगर जिल्ह्यात लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, नगर शहराजवळ विळद घाटात दुसरं आहे. पण मॅडमनी मला लॅबमध्ये बसू दिलं ते एका अटीवर: त्यांचं नाव नको, कॉलेजचंही नको. "लोक वाचतात आणि ॲडमिशनसाठी फोन करतात," असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तेवढं लिहा म्हणाल्या. बोलताना मात्र त्या स्वतः दर वेळी नगरच म्हणतात.

मुलगा पुन्हा भिंगाला डोळा लावतो. "गुलाबी पाण्याची डबकी दिसताहेत, मॅडम. लहान-मोठी. खूप."

ओट्यावर हशा पिकतो. मॅडम हसत नाहीत. "बरोबर. डबक्याचा काठ कशाचा आहे?"

"पेशींचा."

"किती रांगा?"

"एक. एकच रांग. चौकोनी पेशी. प्रत्येकीत जांभळा ठिपका... न्यूक्लियस."

"आता हे सगळं तसंच डोक्यात ठेव आणि शेजारच्या मायक्रोस्कोपवर जा."

तो सरकतो. बघतो. मान वर करतो, परत पहिल्यावर येतो, परत दुसऱ्यावर जातो. दुसरी स्लाइड दूध येत असलेल्या स्तनग्रंथीची आहे. तिथेही गोल-गोल पोकळ्या, पेशींची एकेरी कड, आत गुलाबी स्राव. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत या दोन स्लाइड कितीतरी मुलांना गोत्यात आणतात. स्पॉटरला घंटा वाजली की मूल थायरॉइडपुढे 'मॅमरी' लिहितं, मॅमरीपुढे 'थायरॉइड', आणि दोन्हींचे मार्क घालवून पुढच्या टेबलावर सरकतं.

"सेमच आहे, मॅडम."

"दोन्ही ग्रंथी आहेत. दोन्हींत काहीतरी तयार होऊन साठलंय. बरोबर? मग ते साठलेलं जाणार कुठून? वाट शोध."

एवढं बोलून त्या पुढच्या ओट्याकडे निघून जातात. मला वाटतं, इथे आता कुणीतरी त्याला उत्तर सांगणार. तसं होत नाही, कारण शेजाऱ्यांनाही ते येत नाही. त्यांना पाठ असलेल्या मुद्द्यांत हा प्रश्न या शब्दांत नाही.

तोवर मी एका रिकाम्या स्टुलावर बसून बघून घेतो. पहिल्यांदा दिसतात त्या माझ्याच पापण्या. मग एक काळ्याभोर कडेचा, अगदी रेखीव वर्तुळाकार गोळा. मी खूश होतो. ओट्याच्या टोकाला उभे असलेले लॅबचे मामा माझ्याकडून स्लाइड काढून घेतात आणि म्हणतात, "ते हवेचं बुडबुडं आहे, साहेब. दर वर्षी दोन-चार पोरं त्याचं चित्र काढतात. रंगवून."

मामांना या लॅबची प्रत्येक स्लाइड नजरेने ओळखता येते. शेजारच्या खोलीत, जिथे झायलीनचा वास नाकात बसतो, ते मला सगळा कारभार दाखवतात. अवयवाचा तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमधून न्यायचं, वितळलेल्या मेणात मुरवायचं आणि त्याची वडी पाडायची. ती मायक्रोटोमवर कापायची: एक काप साधारण पाच मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे दोनशे बसतील. काप कोमट पाण्यावर सोडला की सुरकुत्या जातात, तिथून तो अलगद काचेवर उचलायचा. मग रंग. हिमॅटॉक्सिलिन हा मूळचा मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातला रंग. तो न्यूक्लियसला धरतो. इओसिन बाकीच्याला गुलाबी करतं. हिमॅटॉक्सिलिन लावल्यावर काच नळाखाली धरावी लागते, कारण पाणी थोडं अल्कलीयुक्त असलं तरच तांबूस रंग निळा-जांभळा होतो. "आपलं बोअरचं पाणी जड," मामा म्हणतात, "भांडी पांढरी पडतात, केस गळतात, पण इथं एक नंबर काम करतं." पाणी मऊ असतं त्या गावांत यासाठी वेगळी रसायनं घालून पाणी तयार करावं लागतं, हे मला मॅडम नंतर सांगतात. दुष्काळी जिल्ह्याच्या पाण्याला कुणी चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकतोय.

परत येतो तर मुलगा अजून शोधतोच आहे. स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवतोय. डबकी संपतात, परत सुरू होतात. शेवटी दुसऱ्या मायक्रोस्कोपवर तो थांबतो.

"मॅडम, सापडली! इथे नळी आहे. पांढरट पट्ट्यांनी भाग पाडलेत आणि त्या पट्ट्यात नळी आहे."

"आणि पहिल्यात?"

"पहिल्यात नाही. पहिल्यात वाटच नाही."

"मग साठलेलं तिथेच कुजतं का?"

तो गप्प. दोन स्टुलं सोडून बसलेली एक मुलगी म्हणते, "ब्लडमध्ये जातं."

"दाखव ब्लड."

मुलगी त्याला बाजूला सारून बसते आणि चाळीसचं भिंग फिरवते. दोन डबक्यांच्या बेचक्यात एक बारीकशी फट, तिच्यात चार-पाच गुलाबी चकत्या. तांबड्या पेशी. मॅडम आता पहिल्यांदा स्टूल ओढून बसतात. "ही तांबडी पेशी सात मायक्रॉनची. स्लाइडवरची ही तुमची फूटपट्टी. काहीही मोजायचं तर आधी जवळपास हिला शोधायचं. आता सांगा, जिला बाहेर जायला नळी नाही, जिच्या प्रत्येक पोकळीला रक्ताच्या केशिकांनी वेढलंय, आणि जी आपला माल पेशींच्या आत न ठेवता बाहेर पोकळीत साठवते, अशी ग्रंथी कोणती?"

"थायरॉइड," चौघं-पाच जण एकदम म्हणतात.

"आता म्हणा. या पोकळ्यांतला साठा दोन-तीन महिने पुरेल इतका असतो. त्यामुळे आयोडीन मिळायचं थांबलं तरी माणूस लगेच आजारी दिसत नाही. उद्या ओपीडीत गळ्याला गाठ घेऊन कुणी मावशी आल्या तर ही डबकी आठवा."

मुलगा वहीत 'डबकी' लिहितो. मग खोडतो, 'फॉलिकल्स' लिहितो. मॅडम वाकून बघतात आणि म्हणतात, "दोन्ही राहू दे."

ही मुलं जीवशास्त्रात कच्ची नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवं. नीट पार करून आलेली आहेत. अकरावीच्या पुस्तकातला पेशीचा धडा त्यांना ओळ अन् ओळ पाठ आहे. चारपैकी एक पर्याय निवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो इथे आल्यावर. दोन वर्षं क्लासमध्ये गेली, शाळेची प्रयोगशाळा कुलपात राहिली. पर्याय दिसले की उत्तर येतं. नुसता पदार्थ समोर आला की येत नाही. आणि रुग्ण काही चार पर्याय घेऊन येत नाही. मॅडमचं सगळं शिकवणं या एका खिंडीत उभं आहे.

चहाच्या सुट्टीत त्यांच्या केबिनमध्ये जातो. टेबलावर तपासायच्या जर्नलांची चळत. कपाटाच्या दारावर एक लॅमिनेट केलेलं रंगीत चित्र: मायक्रोस्कोपशी बसलेल्या, चष्मा लावलेल्या एक बाई. ८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलने डूडल केलं होतं, त्याचा हा प्रिंट. डॉ. कमल रणदिवे.

"दर वर्षी कुणीतरी विचारतं, या कोण? तुमच्या नातेवाईक का?" मॅडम सांगतात. "मी म्हणते, हो."

कमल समर्थ १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने दोन्ही टाळलं. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र, १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी. एम.एस्सी.चं काम सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. मग मुंबई, टाटा हॉस्पिटल, आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर. खानोलकर मोठे विकृतिशास्त्रज्ञ, स्वतः डॉक्टर. त्यांनी डॉक्टर नसलेल्या या बाईंना मार्गदर्शन केलं आणि १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णबाईच्या गाठीतून ज्या पेशी प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि आजही जगभर वाढताहेत, त्या याच गे यांच्याकडच्या. रणदिवे परत आल्या आणि पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र त्यांनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात रुजवलं. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता हा त्यांच्या कामाचा गाभा.

"आता गंमत ऐका," मॅडम कप खाली ठेवतात. "१९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार दिला. सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. कुणाला दिला? यांना. डॉक्टर नसलेल्या बाईला. डॉक्टरांच्या परिषदेने."

ही गंमत त्यांना का वाटते, ते कळायला त्यांची स्वतःची हकिगत कळायला हवी. मॅडमच्या नावामागचं डॉक्टर पीएच.डी.चं आहे. बी.एस्सी. प्राणिशास्त्रात, मग वैद्यकीय शरीररचनाशास्त्रात एम.एस्सी., आणि जखम भरून येताना पेशी कशा सरकतात यावर संशोधन. अशा शिक्षकांना परिषदेच्या भाषेत 'बिगरवैद्यकीय' म्हणतात. शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांत असे शिक्षक ३० टक्क्यांपर्यंत चालत. परिषद गेली, तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, आणि २०२० च्या नियमांत हे प्रमाण १५ टक्क्यांवर आलं. औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्रात तर दारच बंद. २०२५ च्या नियमांनी ते दार परत उघडलं. शिकवणाऱ्याने आपण कोणत्या टक्क्यात बसतो, ते दर काही वर्षांनी तपासत राहायचं.

दुसरी बाजूही आहे आणि मॅडम ती स्वतःच मांडतात. ज्याने कधी रुग्ण तपासला नाही त्याने डॉक्टर कसे घडवायचे? "प्रश्न चुकीचा नाही," त्या म्हणतात. "म्हणून मी सर्जरीच्या सरांकडे जाऊन बसते. ऑपरेशनमधून काढलेल्या थायरॉइडचा रिपोर्ट काय आला, विचारते. ते मला रोगी पेशी सांगतात, मी त्यांच्या पोरांना निरोगी पेशी दाखवते." माझं मत थोडं अधिक रोखठोक आहे. एमबीबीएस झालेल्यांपैकी शरीररचनेत पुढचं शिक्षण घ्यायला आपणहून येणारे फार थोडे. बरेच जण हवी ती शाखा मिळाली नाही म्हणून येतात. मॅडम या खोलीत हौसेने आल्या आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलाला हा फरक आठवड्याभरात कळतो, नियम करणाऱ्यांना मात्र तो मोजता येत नाही म्हणून दिसत नाही.

साडेचार. बॅच सुटते. स्टुलं सरकतात, ॲप्रन खांद्यावर जातात. पाच जण मात्र मागे थांबतात. हे इंटर्नलला मागे पडलेले. वेळापत्रकात या तासाचं नाव काही वेगळं असेल, मुलं याला 'मामांची व्हायव्हा' म्हणतात. कारण खरोखरच मामा परीक्षकाच्या खुर्चीत बसतात आणि मॅडम बाजूला उभ्या राहतात.

"मी समोर असले की यांची दातखीळ बसते," मॅडम हळू आवाजात मला सांगतात. "येत असतं सगळं. इंग्रजीत सांगायचंय या भीतीने जातं. मामांपुढे मराठीत बोलतात. एकदा मराठीत सुटले, की त्याचीच पाच वाक्यं आपण इंग्रजीत बसवतो. परीक्षेत तीच."

पारनेरकडचा एक उंच मुलगा पुढे येतो. बारावीपर्यंत मराठीतच बोलत, विचार करत आलेला. मामा स्लाइड लावतात. मुलगा बघतो न बघतो तोच म्हणतो, "ट्रॅकिया."

"बरोबर," मामा म्हणतात, "पण तू बघितलं कुठं? स्लाइडचा आकार बघून सांगितलंस. परीक्षेला दुसरी काच येईल. आता बघ अन् सांग."

मुलगा ओशाळून वाकतो. सगळ्यात आतला थर उभ्या पेशींचा, न्यूक्लियस वर-खाली, त्यामुळे अनेक थर असल्यासारखं वाटतं पण प्रत्येक पेशी तळाला टेकलेली. वर बारीक केस. मधेमधे फुगीर, फिकट पेशी. खाली निळसर, गुळगुळीत कूर्चा. हे सगळं तो नगरी मराठीत, 'हाये', 'न्हाई' करत, न अडखळता सांगतो. मॅडम फळ्यावर एकेक वाक्य इंग्रजीत उतरवत जातात. शेवटी त्या म्हणतात, "हे तू बोललास. मी फक्त लिपी बदलली. आता वाच." तो वाचतो. दुसऱ्यांदा वाचताना फळ्याकडे बघत नाही.

"ते केस कशाला असतात रे?" मामा विचारतात. प्रश्न यादीत नसावा.

"धूळ वर ढकलायला."

"अन् बिडी ओढली की?"

"आधी हलायचे थांबतात, मग झडतात, मामा."

मामा खिशाकडे हात नेतात, मग मॅडमकडे बघून तो परत काढतात. पाचही मुलं हसतात, आणि व्हायव्हाची भीती त्या क्षणापुरती का होईना लॅबमधून निघून जाते.

सहाच्या सुमाराला आम्ही खाली उतरतो. उद्या याच बॅचची दत्तक कुटुंबांना भेट द्यायची पाळी आहे. आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून मुलांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची, त्यांच्याकडे जात राहायचं. हे काम सामाजिक वैद्यक विभागाचं. हिस्टॉलॉजीच्या बाईंनी जायचं काही कारण नाही. त्या जातात. पोरं लहान मुलांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून फिकटपणा बघतात, तेव्हा त्या मागे उभ्या राहून विचारतात: तिथे कोणती पेशी कमी पडली?

हे त्यांनी कुठून घेतलं, ते गाडीकडे जाताना कळतं. रणदिवे १९८२ मध्ये पद्मभूषण झाल्या. निवृत्तीनंतर मात्र त्या मुंबईत बसून राहिल्या नाहीत. १९८९ च्या सुमाराला त्या आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात होत्या. सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या कुपोषणाच्या नोंदी घेत होत्या. वयाच्या सत्तरीत. ज्यांनी देशातल्या पेशीसंवर्धनाचा पाया घातला, त्या गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविकेचं काम शिकवत होत्या. कळसूबाई-भंडारदऱ्याला पावसाळ्यात धबधबे बघायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

त्यांच्याकडे तेव्हा शिकलेल्या तरुण बायका आज साठी-सत्तरीच्या असतील. राजूरला, अकोल्याला, त्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर तुमचं कुणी असेल तर विचारा. रणदिवे बाईंनी काय शिकवलं, कसं शिकवलं, वजनाचा काटा कुठे टांगला, मूल कसं बघायला सांगितलं, ते ऐका आणि लिहून ठेवा. मॅडम सुट्टीत तिकडे जाणार आहेत. तुम्ही जवळ राहत असाल तर त्यांच्या आधी जा.